उन्हं उतरायच्या आत

साळवेकाका गेल्याचं ग्रेसकाकूंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी पुण्यात मेथी निवडत बसले होते. "तुझा काका गेला गं," एवढंच त्या मराठीत म्हणाल्या आणि मग तमिळमध्ये बोलत राहिल्या, ते मला अर्धंमुर्धंच कळलं. मी रडले नाही. खरं सांगायचं तर आधी रागच आला. या माणसाशी माझं एक भांडण राहून गेलं होतं, ते आता मी कुणाशी करू? गेलेल्या माणसाला चांगलं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. साळवेकाका चांगले होतेच, त्यात वाद नाही. पण इतका आडमुठा चांगला माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. त्या आडमुठेपणाचं काय झालं हे पाहिलेल्या चार माणसांपैकी मी एक आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

चेन्नईत, अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत, मोटारींना लागणारे पत्र्याचे भाग दाबून काढणारा एक लहानसा कारखाना होता. मी साताऱ्याहून तिथे एचआरमध्ये लागले तेव्हा मला तमिळचा त सुद्धा येत नव्हता. पहिल्याच दिवशी जिन्याखालच्या खोलीतून आवाज आला, "कोण गं तू? घाटावरची दिसतीस." ते साळवेकाका. त्या खोलीला टाइम ऑफिस म्हणत. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, पगार, सगळं तिथून चालायचं. उंच, थोडे वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि चपला कायम खुर्चीखाली काढून ठेवलेल्या. मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. धर्मोपदेशक व्हायचं म्हणून तरुणपणी मद्रासला आले. ते शिक्षण अर्ध्यात सुटलं, पण नर्सिंगचं काम करणाऱ्या ग्रेसकाकू भेटल्या, आणि काका इथलेच झाले. "प्रवचन द्यायचं होतं, आता पगार देतो," असं हसून सांगायचे. मला वाटतं त्यांच्या लेखी दोन्ही कामं एकच होती.

त्यांची एक खोड सगळ्या कारखान्याला माहीत होती. शनिवारी दुपारी तीन वाजले की काका बेचैन व्हायचे. सारखे खिडकीशी जायचे, मान वाकडी करून समोरच्या शेडच्या वर सूर्य कुठवर आलाय ते बघायचे. भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. शनिवार हा रोजंदारीच्या लोकांचा पगाराचा दिवस. ओडिशा, बिहार आणि खाली तिरुनेलवेलीकडची ही माणसं, कंत्राटदाराशिवाय थेट काकांनीच घेतलेली.

माझ्या पहिल्याच शनिवारी मी त्यांना रजेचे नवे नियम समजावून सांगत होते. मोठ्या हौसेनं तक्ते बनवले होते मी. मधेच काका उठले. "बाई, उन्हं उतरायला लागली. माझी माणसं उभी आहेत."

"काका, दहा मिनिटं फक्त!"

"ती दहा मिनिटं तुझी. त्यांची न्हाईत."

मी तणतणत त्यांच्या मागून गेले. अंगणात एक मोठं झाड होतं, त्याखाली बाक. नाव पुकारलं की माणूस येऊन बाकावर बसायचा, आणि काका उभे राहून, दोन्ही हातांनी, पाकीट त्याच्या हातात द्यायचे. नवीन माणसं संकोचून जेमतेम टेकायची. काका थांबायचे. नीट बसल्याशिवाय पाकीट मिळायचं नाही. मी नंतर विचारलं, हे काय नाटक? तर म्हणाले, "काम घेताना दिवसभर त्याला उभं करतो का नाही आपण? मग देताना तरी बसू दे की."

उन्हं उतरायच्या आत का, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, साफ सांगितलंय म्हणे. मजूर हा गरजवंत, त्याचा जीव त्या मजुरीत गुंतलेला असतो. म्हणून त्याची दिवसाची कमाई रात्रभर आपल्याकडे ठेवायची नाही, सूर्य मावळायच्या आत त्याच्या हातावर ठेवायची. नाही ठेवली तर तो देवाकडे गाऱ्हाणं घालतो, आणि देव ते ऐकतो.

मला देवाधर्माचं फारसं कौतुक नाही. मी फटकन म्हटलं, "मग आठवड्यानं का देता? रोज द्या की."

काकांचा चेहरा एकदम उतरला. "रोजच द्यायला पाह्यजे गं. महिन्यानं देत होते इथं. मी मालकांशी भांडून भांडून आठवड्यावर आणलं. देवानं दिवस सांगितला आणि मी आठवड्यावर तोडपाणी करून आलो. त्याचा जाब वर द्यायचाय मला." ते थट्टा करत नव्हते. मला उगीच बोलले असं झालं.

एकदा लोकलची वरची तार तुटली. सकाळपासून गाड्या बंद. काही माणसं पायी, काही टेम्पोला लटकून वेळेवर पोचली, आणि बरीचशी दुपारी तीनच्या पुढे घामाघूम होऊन आली. तासभर काम केलं असेल नसेल. काकांनी सगळ्यांना पूर्ण दिवस लावला. झालं! सकाळी आलेल्यांनी टाइम ऑफिसच्या दारात कल्ला केला. आम्ही काय वेडे म्हणून दोन स्टेशनं तुडवत आलो? बाकी सगळे चिडलेले आणि काका मात्र खुशीत. मला बाजूला घेऊन सांगतात, "अगं, येशूनं सांगितलेल्या गोष्टीत अगदी असंच भांडण होतं! द्राक्षमळ्याचा मालक संध्याकाळी आलेल्याला सकाळी आलेल्याइतकंच देतो. का, तर दिवसभर नाक्यावर काम मिळंल म्हणून उभं राहणाऱ्यालाही संध्याकाळी भूक लागतीच. तेव्हाही सकाळचे असेच तडकले होते!"

"त्या गोष्टीत पुढच्या सोमवारी काय झालं ते आहे का?" मी विचारलं. कारण आमच्याकडे सोमवारी निम्मी माणसं आरामात दुपारी आली. मालकांनी जास्तीचे पैसे काकांच्या पगारातून कापून घेतले. काकांनी हूं की चूं केलं नाही. ग्रेसकाकूंनी मात्र त्या महिन्यात घरी मासे शिजवले नाहीत, आणि का शिजवले नाहीत हे जो येईल त्याला ऐकवलं.

त्या घरी मी रविवारी जेवायला जायचे. काकूंचं मराठी नवऱ्याकडून शिकलेलं, त्याला तमिळची फोडणी. "अय्यो, हा माणूस! कीरैवाली दहा सांगते, हा वीस देऊन येतो. ती आता मला बघून तोंड फिरवते." कीरै म्हणजे पालेभाजी. काका म्हणायचे, "उन्हात बसलेली असती ती. तिच्याशी भाव काय करायचा?" एकदा काकू खवळल्याच. पदर खोचून समोर उभ्या राहिल्या. "लग्न झाल्यापासून मी रांधते. माझी मजुरी कुठे? रोज सूर्य मावळतो, दिसत नाही का तुम्हाला?" मी हसून हसून लोळायची बाकी होते. काका हसले नाहीत. उठून मोरीशी जाऊन भांडी घासायला लागले. त्या दिवसापासून रात्रीची भांडी त्यांचीच. घासायचे इतकी वाईट की काकू सकाळी परत घासायच्या, पण त्यांना तसं कधी कळू दिलं नाही. मला ते जोडपं फार आवडायचं.

मग कारखान्याला घरघर लागली. ज्या मोठ्या कंपनीला आमचा माल जायचा तिनं नवी ऑर्डर देणं थांबवलं, जुन्या मालाचे पैसेही अडकवले. कारखान्याचे मालक रावसाहेब, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले. त्यांचं मराठी पोथीतून उठून आल्यासारखं. माणूस दुष्ट नव्हता. पण हातात पैसा नसला की भल्या माणसाचाही शब्द ढिला पडतो, तसं झालं. शेवटची एक ऑर्डर पुरी केली तर अडकलेले पैसे सुटतील, असं ते म्हणाले. रोजंदारीच्या लोकांचा आठवड्याचा पगार थांबला. ती माणसं निघून जायला लागली तेव्हा रावसाहेबांनी काकांना पुढे केलं.

काका त्या झाडाखाली उभे राहिले आणि म्हणाले, "काम पुरं करा. तुमची मजुरी बुडणार नाही. मी आहे ना." तमिळमध्ये म्हणाले, मग हिंदीत म्हणाले. आणि माणसं थांबली. मालकाच्या शब्दावर कुणी थांबलं नसतं.

ऑर्डर पुरी झाली. माल गेला. पैसे आले नाहीत. कारखान्याला कुलूप लागलं. मला शहराच्या दुसऱ्या टोकाला, अड्यारमध्ये, एका ऑफिसात नोकरी मिळाली. रोजंदारीची माणसं थोडे दिवस गेटवर चकरा मारून, शिव्या देऊन पांगली. कुणी मेट्रोच्या कामावर गेला, कुणी कोइंबतूरला. एकच राहिला, लोकनाथ. ओडिशातल्या गंजामकडचा, पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणारा, तिशीचा. कमी बोलणारा, पण काकांच्या मोडक्या हिंदीची नक्कल अशी करायचा की काका स्वतःच पोट धरून हसायचे. घरी त्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, धाकटा भाऊ तिच्याजवळ. इतके महिने राबून रिकाम्या हातानं घरी कसा जाऊ, असं त्याचं म्हणणं. आणि काकांनी सांगितलं होतं, मजुरी बुडणार नाही. म्हणून तो अंबत्तूरच्या खोलीत थांबला. मिळेल तिथे हमाली करायचा, नाहीतर पडून राहायचा.

एक दिवस ऑफिसातून निघाले तर रावसाहेबांच्या अड्यारच्या बंगल्यासमोर, फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर साळवेकाका बसलेले. मी स्कूटर थांबवली. "काका, इथं काय करताय?"

"मागायला आलोय."

"मग आत जा की."

"त्यांना ठाऊक आहे मी का बसलोय ते."

रोज दुपारी अंबत्तूरहून लोकल आणि बस करून यायचे. कट्ट्यावर बसायचे. घोषणा नाही, पाटी नाही, कुणाशी बोलणं नाही. उन्हं गेली की उठून चालू लागायचे, कारण मग त्या दिवसाची मुदत टळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. वॉचमननं खुर्ची देऊ केली, ती घेतली नाही. रावसाहेबांच्या घरातून कॉफी यायची, ती घ्यायचे. एकदा रावसाहेब स्वतः बाहेर आले. मी शहाळं घेऊन काकांजवळ उभी होते.

"साळवे, उन्हात कशास बसलां? आत यावं," रावसाहेब म्हणाले. "मजपाशी पैका असता तर मी ठेवून घेतला असता काय?"

"रावसाहेब, गाडी अजून दारात आहे तुमच्या," काका शांतपणे म्हणाले.

रावसाहेबांनी त्या गाडीकडे पाहिलं. त्यांना राग आला नाही. नुसतेच लहान झाल्यासारखे दिसले. "शुक्रवारी. गाडी विकतो. शुक्रवारी सारं देतो," म्हणाले आणि आत गेले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले होते. "मिळालं गं," म्हणाले. तो मंगळवार होता.

बुधवारी रात्री जेवायला काकूंनी मला बोलावलं होतं. आम्ही पानावर बसतोय तोच लोकनाथ आला. भावाचा फोन आला होता. आईनं खाणं सोडलंय, लोकनाथ लोकनाथ करतेय, लगेच ये. काकू आत गेल्या, तांदळाच्या डब्यातून पैसे काढून आणले. "घे. सकाळच्या गाडीनं जा."

काकांनी हात आडवा केला. "थांब, ग्रेस."

"काय थांब?"

"ते दान झालं. त्याला दान नको, त्याची मजुरी पाह्यजे. आज आपण दिले का मालक सुटला. शुक्रवारी हा इथं हजर नसला तर त्याचं तेवढं मागं राहील, आणि मग कायमचं राहील. मी ओळखतो या लोकांना." मग लोकनाथकडे वळून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दो दिन. शुक्रवार को तेरा हक का पैसा हाथ में लेके जा. माँ को दिखा."

मी म्हटलं, "काका, उसने म्हणून द्या. हवं तर मी देते."

"तू गप गं. भीक घेऊन घरी जायचं का त्यानं?"

काकू पैसे मुठीत धरून उभ्या होत्या. आम्ही सगळ्यांनी लोकनाथकडे पाहिलं. तो एकदा काकूंच्या मुठीकडे, एकदा काकांकडे बघत होता. तो घेणार होता, मला आजही वाटतं. पण काकांचा हात त्याच्या खांद्यावर होता. "सार बोलते हैं तो ठीक है," तो म्हणाला. काकूंनी त्याला जेवायला वाढलं. तो जेवला.

शुक्रवारी रावसाहेबांनी गाडी विकली आणि शब्द पाळला. एकूण एक माणसाचे पैसे काकांच्या हवाली केले. दुपारचे चारही वाजले नसतील. काकांनी अड्यारहून थेट अंबत्तूरपर्यंत रिक्षा केली. आयुष्यात पहिल्यांदा केली असेल. चांगलं लख्ख ऊन असताना ते लोकनाथच्या खोलीत पोचले. तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. काकांनी उभं राहून, दोन्ही हातांनी, पाकीट पुढे केलं. त्यानं घेतलं, न बघता उशीखाली सारलं, आणि म्हणाला, "सार, माँ सुबह गुजर गई."

हे मला काकूंनी सांगितलं. काका कुणालाच काही सांगत नव्हते. काकूंनी मात्र त्यांच्या तोंडावर सांगितलं, माझ्यादेखत. "बुधवारी दिले असते तर गुरुवारी सकाळी निघाला असता. आज पहाटे घरी पोचला असता. आई बघितली असती त्यानं." काका खुर्चीत बसून होते. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. मलाही खूप बोलायचं होतं. तुमच्या देवानं मजुरी वेळेवर द्या सांगितलं, माणसाला तिच्यासाठी अडवून धरा असं कुठं सांगितलं? पण त्यांच्याकडे बघून माझी जीभ उचलली नाही. तेच माझं राहिलेलं भांडण.

शनिवारी पहाटे काकांचा फोन आला. "पोरी, सेंट्रलला येतीस का? लोकनाथची गाडी आहे. मला एकट्याला नाही जमायचं."

मी गेले. फलाटावर तुडुंब गर्दी. लोकनाथला जनरल डब्यात खिडकीशी कशीबशी जागा मिळाली होती. काका खाली उभे, हातात काकूंनी दिलेला लिंबूभाताचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या. खिडकीच्या गजांतून डबा जाईना, म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला आणि मी दारातून आत पोचवला. लोकनाथनं तो घेतला. माझ्याकडे बघून मान हलवली. रागावलेला नव्हता तो. रागावला असता तर बरं झालं असतं.

मी खाली उतरले तेव्हा काका खिडकीचा गज धरून उभे होते. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. हिंदी सुचत नव्हतं की काहीच सुचत नव्हतं, कोण जाणे. शेवटी म्हणाले, "गाडी छूटने तक मैं है इधर. रुकता मैं."

लोकनाथनं काकांची बोटं गजावरून हळूच सोडवली. एकेक करून.

"नहीं सार," तो म्हणाला. "आप जाओ. रुकना मत."

आणि त्यानं खिडकीची झडप खाली ओढली.

काका त्या बंद झडपेसमोर जरा वेळ उभे राहिले. मागून हमाल ओरडत आला, त्यांना बाजूला व्हावं लागलं. मग ते वळले आणि फलाटावरून चालायला लागले. मी त्यांचा दंड धरला. आम्ही फाटकापर्यंत पोचलो, बाहेर पडलो, तरी गाडी अजून सुटली नव्हती.